आभाळातून पाहिलेलं बरड

१९९६ साली मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि येत्या पाडव्याला माझ्या बरडात औत घालीन, असं चार माणसांत बोलून बसलो होतो. बोललो म्हणजे बोललो. तोंडातून गेलेला शब्द मी कधी माघारी बोलावला नाही, तेव्हाही नाही आणि आता दात पडल्यावरही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला वाटायला नको की म्हातारा कोणाच्या सांगण्यावरून वळला.

यंदा मोह लवकर गळायला लागलाय. सकाळी दार उघडलं की वास आधी आत येतो, उजेड मागून. मोहाचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळत नाही. गूळ उकळताना कढईच्या काठाला चिकटून जो थोडा करपतो, त्याचा वास घ्या, त्यात पावसात भिजलेल्या घोंगडीचा मिसळा. तरी जमत नाही. वटवाघळाला कळतो, अस्वलाला कळतो, आणि आमच्या आदिलाबाद-नार्नूरकडच्या बायकांना तर झोपेतही कळतो. फूल पडताना आवाज होतो, टप्. एक पडलं की थोडं थांबतं, मग दुसरं. मी खाटेवर पडून ऐकत असतो. आणि ऐकता ऐकता दरवर्षी ते साल वर येतं, धुरासकट.

बरड म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण काळ्या जमिनीच्या माणसाला ते ठाऊक नसतं. वर बोटभर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली दगड. पाऊस आला की पाणी थांबत नाही, पाहुण्यासारखं उभ्या उभ्या निघून जातं. त्यावर कुसळी गवत, बोरीची झुडपं, पळस, टेंभुरणी, धावडा, तोडून तोडून खुंटलेले साग आणि मध्ये मध्ये मोह. पटवाऱ्याच्या पहाणीत त्या जमिनीपुढे एकच शब्द होता, बंजर. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, पण हा एक शब्द मला उर्दूत, तेलुगूत आणि मराठीत, तिन्हीत ओळखू यायचा.

आम्ही दोघे भाऊ. थोरला गणपत, त्याला मी दादा म्हणतो. धाकटा मी, दौलत. बाप गेल्यावर वाटणी झाली. तळ्याखालची काळी दादाकडे गेली, कारण त्याचं लेकरांचं घर मोठं होतं. नाल्यालगतचा ज्वारीपुरता तुकडा आणि नाल्यापलीकडचा सगळा चढ माझ्याकडे आला. मी तेव्हा काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे विसरलो असं नाही.

दादा वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला बोलल्याशिवाय भाकर पचत नसे. कापसाचे दिवस आले, भाव चढले, त्याच्या अंगणात कापसाचा ढीग छपराला टेकायला लागला. मी तिकडून गेलो की तो ओरडायचा, "काय दौलत, यंदा सशाचं पीक कसं काय हाय?"

माणसं हसायची. मीही हसायचो. ते हसणं घरी येईपर्यंत तोंडावर सुकून जायचं.

त्या साली कापूस गाडीत भरून तो आदिलाबादच्या बाजाराला निघाला. गाडीवर गावची माणसं होती, चहाच्या टपरीवर माणसं होती. तो म्हणाला, "चाल, बस गाडीत. कापसाचा बाजार कसा असते ते तरी पाह्यशीन."

मी हातातली चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "पाडव्याले माहं औत बरडात जाते. औतापुढं एक झुडूप ठेवत नाही. मंग पुढच्या साली पाहू, कोणाची गाडी समोर राह्यते."

कोणी हसलं नाही. दादाही नाही. पाडवा म्हणजे वर्षाचा पहिला दिवस, कचेरीत त्याला उगादी म्हणतात. त्या दिवशी शेतकरी औताला कुंकू लावून वावरात पहिला तास, म्हणजे औताची पहिली रेघ, काढतो. त्या दिवसाचं नाव घेऊन बोललेलं शेवटपर्यंत न्यावं लागतं, हे आमच्यात सगळ्यांना कळतं.

होळी झाली, आणि दोन-चार दिवसांनी तळ्यावर एक जीप येऊन थांबली.

त्या जीपमधून उतरलेला माणूस मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा. तळ्याच्या पाळीवर बसून तो गुडघ्यावर एक मोठा चकचकीत कागद उलगडून तळ्याकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघत होता. मी बैलांना पाणी पाजायला नेलं होतं. त्याने मागे वळून विचारलं, "भाईसाब, इस तालाब का नाम क्या है?"

मी म्हणालो, "तालाबच नाम है इसका. दूसरा तालाब होता तो नाम रखते."

तो हसला आणि म्हणाला, "अजी, तुमी मराठी होय काय? मंग मले काऊन हिंदीत फिरवून राह्यले?"

दुर्गे त्याचं नाव. वय तिशीच्या आसपास. त्याचा बाप बेज्जूरकडे लोकांच्या वावरात सालाने राबलेला. त्याने पोराला शिकवलं, पोरगा हैदराबादेला एका नकाशाच्या कचेरीत लागला. आता ती कचेरी पडीक जमिनींचा अभ्यास करत होती. आभाळात फिरणारा उपग्रह वरून जमिनीचा फोटो घेतो, आणि वरून जे दिसलं ते खाली खरंच तसं आहे का, हे बघायला हा माणूस गावोगाव हिंडत होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत उतरला. दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर चहाला आला तेव्हा सुभद्राने, माझ्या बायकोने, आमच्या रोजच्या कपातच त्याला चहा दिला. त्या काळी गावात अशा गोष्टीकडे बघणारे डोळे होते. सुभद्रा बघणाऱ्यांकडे बघत नसे.

मी विचारलं, "तुमच्या कागदात माहं वावर हाय काय?"

"हाय ना. सगळंच हाय." त्याने कागद पसरला.

मला पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. लाल, राखी, काळे डाग. जणू कोणी कुंकवाचा करंडा आणि चुलीतली राख एकाच पाटावर सांडली होती. मग त्याने एक काळा ठिपका दाखवला. तो तलाव. त्यातून निघालेली केसासारखी रेघ, तो आमचा नाला. आणि मग एकदम, कसं सांगू, गाव कागदातून वर आलं. नार्नूरची सडक. सडकेचं वळण. मी जन्मभर ज्या वळणावर बैल वळवले ते वळण पोपटाच्या चोचीएवढं होतं.

"हे लाल काय हाय? आग लागली काय?"

"झाडं हायत, भाऊ. जे जितं हाय, हिरवं हाय, ते ह्या कागदात लाल दिसते. मशीन डोळ्यासारखं पाहत नाही, त्याचा रंग येगळा."

तो दिवाळीच्या सुमाराचा फोटो होता. सगळं शिवार लालच लाल, दादाचा कापूसही लाल, माझं बरडही लाल, कोणी कोणापेक्षा कमी नाही. मग त्याने दुसरा कागद काढला, मागच्या उन्हाळ्यातला. त्यात तळ्याखालची सगळी काळी राखेच्या रंगाची झाली होती. नाल्यापलीकडे मात्र धुतलेल्या लुगड्यावर कुंकवाचा डाग राहावा तसा फिकट लालसर पट्टा उरलेला होता.

"हे कोणाचं?" मी विचारलं. मला कळलं होतं. तरी विचारलं.

"हे तुमचंच असंन. नाल्याच्या ह्या बाजूले."

मी कप उचलला. चहा पिऊन घेतला. थंड झाला होता.

मग त्याने कार्बनचं सांगितलं. झाड हवेतला कार्बन खातं, लाकडात ठेवतं, मुळांत ठेवतं, पाचोळा कुजला की मातीत जातो. कार्बन म्हणजे कोळसाच समजा, तो म्हणाला. जगभर धूर वाढून राह्यला, म्हणून कुठे किती साठून आहे ते मोजायचं. चांगलं जंगल मोजणारे पुष्कळ आहेत, पण बरडाकडे, बंजराकडे कोणी बघत नाही. अशा जमिनी तर देशभर. प्रत्येकीत थोडं थोडं असलं तरी मिळून किती होईल?

"म्हणजे माह्या बरडात कोळसा हाय म्हणता?"

"हाय."

"मंग सरकारले सांगू नका. खाण काढतीन अन् मले हाकलतीन."

तो इतका हसला की त्याचा चष्मा घसरला. मला तो माणूस तिथेच आवडला. पण आवडला म्हणून त्याचं ऐकायचं असं काही माझ्यात नाही.

त्याने मला मजुरीवर टेप धरायला घेतलं. त्या दिवसांतलं रान मला अजून अंगाला लागल्यासारखं आठवतं. पळस फुलून गेलेला, त्याची फुलं खाली पडून तपकिरी झालेली. साग उघडा. पायाखाली त्याची पानं पापडासारखी मोडायची. टेंभुरणीला कोवळी पालवी यायला लागलेली, तिचा रंग तान्ह्या पोराच्या तळव्यासारखा. आम्ही प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचो, आकडा तो लिहून घ्यायचा. ज्या झाडांना मी कुऱ्हाडीने मोजत आलो होतो, म्हणजे ह्याचं जू होईल, ह्याचा खांब होईल, त्यांना मिठी मारून मोजायचं मला सुरुवातीला अवघड झालं. धावड्याची साल गुळगुळीत असते, गार असते. हे मला चव्वेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. कोण कशाला धावड्याला गाल लावून बघतो?

मग त्याने खड्डा खणला, कोपरभर. खड्ड्याच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. वर काळसर थर, खाली तांबूस, त्याच्या खाली मुरूम. काळा थर जाडसर भाकरीएवढा. त्यात केसासारखी मुळं गच्च.

"हा थर कायचा बनला, सांगा."

"मातीचा."

"पानाचा. वर्षं अन् वर्षं पडलेल्या पानाचा."

मी ती माती चिमटीत घेतली. काळ्या वावराच्या मातीसारखी चिकट नव्हती. भुसभुशीत, हलकी, वासाला पावसाळ्यासारखी. मी ती खाली टाकली आणि हात झटकले. मनात म्हटलं, पाडव्याला हे सगळं उलटंपालटं होणार आहे, उगाच ओळख कशाला वाढवा.

आता ते मोहाखालचं सांगतो. त्यावर गाव पुढे कितीतरी वर्षं हसलं.

नाल्यापलीकडे दादाच्या वावराचा एक कोपरा माझ्या बरडाला भिडतो, त्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना मोह होता. त्याचं एक अंग माझ्याकडे, एक दादाकडे, फुलं ज्याची बायको आधी उठेल तिची. दुर्गेने संध्याकाळी त्या मोहाजवळ चार खुंट्या ठोकल्या, त्यांना दोरी बांधून नीट चौकोन आखला. चौकोनातला सगळा पाचोळा, काड्या, गवत गोळा करून वजन करायचं होतं. तेवढ्यात ऊन उतरलं, तराजू जीपमध्ये होता, तो म्हणाला उद्या करू.

सकाळी सुभद्रा फुलं वेचायला गेली, सोबत जावबाई, म्हणजे दादाची बायको. बघतात तर चार खुंट्या, सुती दोरी, काटकोनात आखलेला चौक. आमच्याकडे अशी आखणी एकाच कामाला होते. घराचा किंवा देवळाचा पाया धरायचा असतो तेव्हा. आणि पाया धरायचा म्हणजे जागा पूजल्याशिवाय कुदळ लावत नाहीत. दोघींनी आपसात ठरवलं की सरकार इथे काहीतरी बांधणार आणि ह्या पुरुषांना पूजेचं भान राहिलेलं नाही. त्यांनी पळसाच्या फांद्यांनी चौकोन लख्ख झाडला. नाल्यावरून पाणी आणून शेणाचा सडा घातला. चारही खुंट्यांना हळदकुंकू लावलं. मध्ये ओंजळभर मोहाची ताजी फुलं ठेवली, आणि हात जोडले.

झाडून काढलेला पाचोळा त्यांनी झाडाच्या भोवतीच्या पाचोळ्यात लोटला. आणि मग दरवर्षी करतात तेच केलं. मोहाखालची जागा स्वच्छ जळली म्हणजे पडलेलं फूल डोळ्याला दिसतं, म्हणून काडी लावली. इथपर्यंत सगळं रोजचंच. पण त्या सकाळी नाल्याकडून वारा होता.

मी आणि दुर्गे तराजू घेऊन निघालो तेव्हा धूर दिसला. तो मोहाच्या बुंध्याशी नव्हता. धुऱ्याच्या अलीकडे, माझ्या बरडातल्या कुसळीत सरकत होता. सुकलेलं कुसळी पेटतं तेव्हा तोंडाने फुंकर मारल्यासारखा आवाज येतो. आम्ही पळालो. दादा त्याच्या वावरातून पळत आला, हातात पळसाची ओली फांदी. कोणी कोणाला काही विचारलं नाही. तिघे एका रेषेत उभे राहून मारत होतो. धुराने डोळे गेलेले. माझ्या शेजारी दादा धोतराचा सोगा कमरेला खोचून असा मारत होता की जसं त्याच्याच कापसाच्या ढिगाला लागली आहे.

मी म्हणालो, "जळू दे ना दादा. ससे भाजून खाऊ."

"बोलू नको. मार."

विझली. पट्टाभर रान काळं झालं, काही झुडपं गेली, बाकी वाचलं. दादा खाली बसला, खोकत राहिला. मग आम्हाला तो चौकोन आठवला. मोहाजवळ गेलो. सगळीकडे राख, आणि मध्ये शेणाने सारवल्यासारखी हिरवी ओली जागा, कुंकवाच्या खुंट्या, फुलं. आगीने त्या सड्याला हातही लावला नव्हता.

दुर्गे आधी बघत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, खाली बसला आणि हसायला लागला. काळ्या तोंडात त्याचे दात तेवढे पांढरे.

सुभद्राला राग आला. "हसाले काय झालं? उघड्या कचऱ्यात कोणी पाया धरते काय?"

"वहिनी, मले तो कचराच पाह्यजे होता."

"कायले?"

"तोलाले."

सुभद्राने माझ्याकडे बघितलं. ह्या माणसाचं डोकं ठीक आहे का, असं. मग म्हणाली, "मंग पहिले सांगाचं ना बापा! माह्या अंगणातून पोतंभर दिला असता, सोन्यासारखा."

जावबाई मागून म्हणाली, "अन् माह्याही अंगणातून," आणि आम्ही पाचही जण त्या राखेत बसून हसत होतो. दादासुद्धा. मला वाटतं, वाटणी झाल्यानंतर आम्ही दोघे भाऊ एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलो ते त्या दिवशी.

आता नातीच्या फोनवर आभाळातून गाव दिसतं. ती बोटाने सारते, तलाव मोठा होतो, लहान होतो. रंग साधेच, हिरवं ते हिरवं. मी म्हणतो, लाल कर. ती म्हणते, आबा, लाल होत नाही. मग मला त्यात गोडी राहत नाही.

दुर्गेने दुसरा चौकोन माझ्या बरडाच्या मधोमध आखला, जिथे आग पोचली नव्हती. ह्या वेळी सुभद्राला आधी विचारून. पाचोळा पिशव्यांत भरला, तोलला. मग जळलेल्या पट्ट्यात आणि न जळलेल्यात एक एक खड्डा घेतला, माती वेगवेगळ्या पिशव्यांत बांधली. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी काम संपलं. टेप गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "दौलतभाऊ, एक गोष्ट मागू काय?"

"मागा."

"एक पावसाळा हे असंच राहू द्या. दिवाळीनंतर वरून दुसरा फोटो येईन, मी येऊन पुन्हा मोजतो. वरून दिसते ते अन् खाली हाय ते, दोन्ही जुळवाचं हाय. मंग नांगरा ना, तुमची जमीन हाय."

"नाही जमत."

"काऊन?"

"उद्या औत घालतो म्हणून बोललो हाय."

"कोणाले?"

"दादाले."

त्याने टेप पिशवीत टाकली. त्याचा बाप दुसऱ्याच्या वावरात राबलेला, त्याला भावाभावांतलं बोलणं काय असतं हे सांगावं लागलं नाही. "मंग माहं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "मोजलं तेवढं लिहितो."

बस. एवढंच. एका शब्दाने आग्रह नाही. मला ते लागलं. तो हटून बसला असता तर मीही हटलो असतो, आणि हटायला समोर कोणी असलं की मला बरं वाटतं. ह्याने समोरून उठून मला माझ्याशीच सोडलं.

संध्याकाळी तो निरोप घ्यायला आला. उजाडायच्या आत त्याला निर्मल गावाकडे निघायचं होतं. ओट्यावर दादाही येऊन बसला होता, काही कामाचं निमित्त काढून. कागदाचं गावभर झालं होतं. दादा म्हणाला, "साहेब, त्याच्यात माहं वावर दाखवा बरं."

दुर्गेने उन्हाळ्यातला कागद पसरला, बोट ठेवलं.

दादा वाकून वाकून बघत राहिला. "हे? हे राखेवाणी?"

"हो. पीक निघालं ना. उन्हाळ्यात तिथं काही जितं राहत नाही."

"अन् हे लालवालं?"

"ते दौलतभाऊचं."

मी छपराच्या आढ्याकडे बघत होतो. माझ्या तोंडावर काय होतं ते मला दिसत नव्हतं, पण सुभद्रा आतून बघत होती आणि तिने नंतर सांगितलं की लग्नातसुद्धा मी इतका फुगून बसलो नव्हतो.

दादाने कागद उचलून दिव्याजवळ धरला, उलटा केला, सुलटा केला. शेवटी म्हणाला, "रंग उडाला ह्या कागदाचा. उन्हात ठेवला असंन." दुर्गेने कागदाची घडी घातली. शहाणा माणूस.

जाताना दादा अंगणात थांबला. चप्पल पायात घालायला त्याला फार वेळ लागला.

"मंग, उद्या घालतो ना औत?"

"घालतो."

"घाल. मी कायले नाही मनू." तरी हलेना. "नाही, मनलं, वैशाखात बैलं सोडाले तेवढंच एक रान हाय गावाले. माही बैलं त तिकडंच जातात. जातीन कुठंतरी. घाल तू."

तो गेला. मी तिथेच बसून राहिलो. म्हणजे दादाला माझं औत त्या बरडात नको होतं, आणि जीभ तुटली असती तरी तो तसं म्हणाला नसता. ज्या जमिनीला तो सशाचं वावर म्हणत होता तिची आग त्याने स्वतःच्या हाताने मारली होती. आणि मी, जो त्या जमिनीला जन्मभर नशिबाचा दगड समजत होतो, त्या जमिनीचा रंग बघून संध्याकाळभर आढ्याकडे तोंड करून बसलो होतो. दोघेही एका बापाचे. पण शब्द तर दिलेला. चहाची बशी खाली ठेवून, पाडव्याचं नाव घेऊन. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होतं? ज्याचं बोलणं हेच घरातलं सोनं असतं त्याला विचारा काय होतं.

सुभद्रा ताटं मांडता मांडता म्हणाली, "त्या दुर्गे साहेबानं जाता जाता मले एकच सांगितलं. मनते, वहिनी, वारा पाहून काडी लावत जा."

"मंग तू काय म्हणाली?"

"मी मनलं, वारा काय मले इचारून येते? आगीले आडवं काही पाह्यजे."

मी जेवलो. ते वाक्य भाकरीबरोबर खाली गेलं आणि तिथेच बसलं.

दुर्गे दिवाळीनंतर आला, पुढच्या साली पुन्हा आला. त्याच खुंट्या, तीच टेप. मग त्याची बदली झाली म्हणून कळलं आणि तो आला नाही. माझ्या बरडात किती कोळसा निघाला ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो काळसर थर आता कुदळीच्या अर्ध्या पात्यापर्यंत गेलाय. दादा गेला त्यालाही काही वर्षं झाली. शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत त्याची बैलं माझ्या रानात चरली आणि शेवटपर्यंत तो मला सशाच्या पिकाचा भाव विचारत राहिला. मी सांगायचो, यंदा चढा हाय.

आज बरडाभोवतीच्या पट्ट्यात कुसळी नाही. दर पाडव्याला तिथे औत फिरतं, आता माझा मुलगा फिरवतो. मोहाखाली बायका अजून काडी लावतात, आग पट्ट्यापर्यंत येते आणि तिथे बसून जाते. मी लांबून धूर बघतो, आणि पहिला पट्टा पडला ती सकाळ आठवते.

पाडव्याच्या त्या सकाळी मी अंघोळ केली, औताला कुंकू लावलं, बैल जुंपले आणि बरडावर गेलो. दादा आधीच धुऱ्यावर येऊन उभा होता, हात बांधून. टपरीवरची माणसंही दोन-चार आली होती. मी जळलेल्या काठावर, मोहाच्या कोपऱ्यात औत टेकवलं. आणि झाडांकडे तोंड न करता बैलांना धुऱ्याच्या अंगाने वळवलं. मुरमात लोखंड घासून ठिणग्या उडत होत्या, तास उथळ पडत होता, पण कुसळी मुळासकट उलटत होती. धुऱ्याने, नाल्याच्या काठाने, वरच्या दगडांपाशी वळून पुन्हा मोहापर्यंत, सगळ्या बरडाला बाहेरून वेढून मी परत आलो. मग त्याच्याच कडेने दुसरा तास धरला. दादा समजला. पुढे वाटेत एक मोठा दगड आडवा होता, तो त्याने दोन्ही हातांनी उचलला, बाजूला ठेवला, आणि बैलांच्या पुढे पुढे चालत दगड वेचायला लागला. मी औत दाबून धरलं आणि त्याच्या मागून गेलो.